अमेझॉनची काळी, आपली पांढरी: खापऱ्यांवरून वस्ती कशी ओळखतात

प्रश्न असा आहे: अमेझॉनच्या खोऱ्यात बांधकामाचा दगड नाही, शिलालेख नाहीत, दमट आंबट मातीत लाकूड-हाडं टिकत नाहीत. हाती लागतात त्या खापऱ्या. मग तिथं शेकडो वर्षं मोठाल्या वस्त्या नांदत होत्या हे तुम्ही लोक कशाच्या जोरावर सांगता? नक्षीदार मडकी पाहून केलेला कल्पनाविलास तर नव्हे? आणि जाता जाता: भावानं ब्राझीलमधल्या बेलेमहून एक नक्षीचा घट आणलाय, तो खराच जुना असेल का?

घटाचं शेवटी सांगते. आधी मुख्य शंका, कारण ती अगदी रास्त आहे. माझं बरंचसं आयुष्य दख्खनच्या खापऱ्या धुण्यात, मोजण्यात गेलं. मध्ये दोन हंगाम ब्राझीलमध्ये एका पथकाबरोबर वर्गीकरणाला बसले, तेव्हा हीच शंका मलाही होती. तिथून शिकून आले ते एवढंच की नक्षी सगळ्यात शेवटी बघायची. आधी खापरी ज्या मातीत पडली होती ती माती बघायची, मग तिची मोडलेली कड.

मातीचं मराठी माणसाला समजावणं सोपं आहे. गावगाड्यात काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे वस्ती. पिढ्यान्‌पिढ्या चुलीची राख, पडक्या भिंतींची माती, शेण, उकिरडा साचत गेला की वस्तीची माती पांढुरकी आणि भुसभुशीत होते. जुनी स्थळं शोधायला गावात शिरलो की आमचा पहिला प्रश्न असतो, "पांढरीचं टेकाड कुठं आहे?" शेतकरी ती माती खत म्हणून गाड्या भरभरून नेतात, आणि आमच्या वाट्याला कधी कधी निम्मं टेकाड उरतं.

अमेझॉनमध्ये रंग नेमके उलटे. तिथली मूळ जमीन पिवळट-तांबडी, पावसानं धुऊन निकस झालेली. तिच्यावरून चालता चालता अचानक काळ्याभोर मातीचा पट्टा लागतो, काही ठिकाणी दीड-दोन मीटर खोल. ब्राझीलमध्ये तिला 'तेरा प्रेता' म्हणतात. (प्रेताशी संबंध नाही, पोर्तुगीजमध्ये 'प्रेता' म्हणजे काळी.) तिच्यात कोळशाची पूड, माशांचे काटे, हाडांचा चुरा असतो, स्फुरद, कॅल्शियम, जस्त, मँगेनीज शेजारच्या मातीपेक्षा कितीतरी जास्त. आणि खापऱ्या, मुठी-मुठीनं. यातले बहुतेक पट्टे साधारण २,५०० ते ५०० वर्षांपूर्वीचे आहेत. मदेइरा नदीच्या वरच्या अंगाला याहून बरेच जुनेही आहेत. हाडं टिकत नाहीत हे तुमचं म्हणणं पिवळ्या मातीपुरतं खरं. काळ्या मातीचा आंबटपणा कमी, म्हणून तिच्यात माशाचे बारीक काटेसुद्धा मिळतात. आपली पांढरी जशी राहणाऱ्यांनी बनवली, तशीच ही काळी. शेतकऱ्यांची नजर तिकडेही तीच: पपई लावायची तर तिथं.

माती बनायला माणसं लागतात आणि वेळही लागतो, एवढं मान्य केलं तरी वाद मिटत नाही. बेटी मेगर्स या अमेरिकन पुरातत्त्वज्ञ बाईंनी क्लिफर्ड इव्हान्स यांच्याबरोबर १९४८-४९ मध्ये अमेझॉनच्या मुखाजवळच्या माराजो बेटावर उत्खनन केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ही जमीन मोठा समाज पोसूच शकत नाही. माराजोची देखणी भांडी करणारे लोक बाहेरून, अँडीज पर्वताच्या बाजूनं आले आणि इथं येऊन उतरणीला लागले. मग नदीकाठी किलोमीटरभर पसरलेल्या खापऱ्यांचं काय? तर, मूठभर माणसं पुन्हा पुन्हा त्याच काठावर येऊन राहत. आज या कोपऱ्यात दहा झोपड्या, वीस वर्षांनी त्या कोपऱ्यात. हजार वर्षांत सगळा काठ खापऱ्यांनी भरणारच.

हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नव्हता. आपल्याकडेही एखादं टेकाड पाहून 'केवढं नगर!' म्हणणारे भेटतात, आणि खणलं की तीन वेगवेगळ्या काळांतल्या तीन वाड्या निघतात. सोक्षमोक्ष लावायचा तर एकाच वेळी काठाचा किती भाग वसलेला होता हे दाखवावं लागतं. १९९५ पासून एदुआर्दो नेव्हेस, मायकल हेकेनबर्गर आणि जेम्स पीटरसन यांच्या पथकानं ब्राझीलमधल्या मानाउस शहराजवळ हेच काम हाती घेतलं. असुतुबा, हाताहारा अशी स्थळं घेतली, ठरावीक अंतरावर खड्डे पाडले, प्रत्येक थरातला कोळसा कालमापनाला दिला आणि थराथरातल्या खापऱ्यांचा क्रम लावला. वस्ती उठून गेली की मधे कोरा, रिकामा थर साचायला हवा; तो बऱ्याच ठिकाणी नव्हता. हाताहाराला तर मानवनिर्मित उंचवटे निघाले, आणि त्यांच्या पोटात आडव्या रचलेल्या खापऱ्यांचे थर होते. आपण घराच्या पायात मुरूम घालतो, तशा त्यांनी खापऱ्या घातल्या होत्या. आधीच्या पिढ्यांचा कचरा वेचून आणायचा, पसरायचा, वर माती टाकायची: आठ दिवस मुक्कामाला आलेली टोळी हा उद्योग कशाला करेल?

आता कड. एक खापरी हातात घ्या. तळहाताएवढी, बोटभर जाड, एक बाजू गुळगुळीत, दुसरी खडबडीत, वाक जवळपास नाहीच. पहिल्या आठवड्यात अशा खापऱ्या मी बिनधास्त 'बूड' म्हणून टाकत होते. आपल्याकडे जाड आणि सपाट म्हणजे रांजणाचं बूड. तिसऱ्या दिवशी शेजारी बसलेल्या तंत्रज्ञ बाईंनी माझा ढीग उचलला आणि मुकाट्यानं दुसऱ्या टोपलीत ओतला. ते तवे होते. मोठे, गोल, मातीचे तवे, ज्यांवर कसावा नावाच्या कंदाच्या पिठाच्या भाकऱ्या भाजतात. काठ जेमतेम बोटभर उचललेला, वरची बाजू घोटलेली, खालची तशीच सोडलेली; काही ठिकाणी खाली पानाचा किंवा चटईचा ठसाही असतो. काठाचा तुकडा मिळाला तर एकात एक वर्तुळं काढलेल्या कागदावर तो धरायचा आणि बाक जुळेल त्या वर्तुळावरून व्यास वाचायचा. एक तवा म्हणजे एक घर, असा भाबडा हिशेब कुणी करत नाही. पण स्थळभर तव्यांचं आणि रांजणांचं प्रमाण काय, कुठं नुसते छोटे वाडगे आहेत, कुठं दोन-चार चुलींना पुरतील एवढी भांडी आहेत, यावरून स्वयंपाक कुठं व्हायचा आणि पंगती कुठं बसायच्या याचा अंदाज येतो.

खापरी मोडून ताजी कड भिंगाखाली धरली की आणखी एक गोष्ट कळते. अमेरिका खंडात त्या काळी कुंभाराचं चाक नव्हतं. मातीच्या लांब वळ्या करून त्या एकावर एक रचत, बोटांनी सांधत आणि मग घोटून गुळगुळीत करत. सांधा कच्चा राहिला असेल तर भांडं नेमकं तिथंच फुटतं. कडेला लांबट, गोलसर खाच दिसते. मातीत काय मिसळलंय तेही तिथंच दिसतं. आपला कुंभार लीद आणि राख मिसळतो, तशा तिकडे खास दोन गोष्टी. एक म्हणजे काराइपे, एका झाडाची साल: ती जाळायची, कुटायची आणि मातीत मळायची. सालीत सिलिका भरपूर, त्यामुळे जळल्यावरही तिचा सांगाडा टिकतो आणि भिंगाखाली काळ्या जाळीसारखा दिसतो. दुसरी काउइशी, म्हणजे गोड्या पाण्यातला स्पंज. पूर आला की बुडालेल्या झाडांच्या बुंध्यांवर तो वाढतो, पाणी ओसरलं की तसाच लटकत राहतो. त्याच्या अंगात काचेच्या सूक्ष्म सुया असतात. त्या मातीत गेल्या की भांड्याला तडा गेला तरी तो पुढे पसरत नाही. गिलाव्यात काथ्या घालतात त्यासारखंच. या खापऱ्या दिवसभर चाळल्या की रात्री हातांना खाज सुटते. मला वाटलं डास. काही नदीकाठांच्या चिकणमातीत या सुया मुळातच असतात, त्यामुळे त्या मुद्दाम मिसळल्या की आपसूक आल्या यावर आमच्यात अजून वाद चालतो. काराइपेबद्दल तसा वाद नाही. साल जाळून, कुटून कुणीतरी ती घातलेलीच आहे.

तव्यावरून 'कसावा खात होते' असं लिहून मोकळं व्हायची पद्धत पूर्वी होती. तिला चाप बसला तो भांड्याला चिकटलेल्या पिष्टाच्या (स्टार्चच्या) कणांमुळे. सूक्ष्मदर्शकाखाली मक्याचा कण आणि कसाव्याचा कण वेगळा ओळखता येतो. ओरिनोको नदीच्या खोऱ्यात किसणीचे दात म्हणून सांगितल्या गेलेल्या दगडी कपच्यांवर लिंडा पेरी यांना कसावा मिळालाच नाही. मिळाला मका आणि इतर कंद. बोलिव्हियातल्या लोमा साल्व्हातिएरा इथं आतून खाचा पाडलेले मातीचे वाडगे मिळतात, किसणीचंच काम करणारे. तिथल्या अवशेषांतही मक्याचं पारडं जड, सोबत कसावा आणि इतर पिकं. म्हणजे भांड्याचा आकार शक्यता सांगतो, आत काय शिजलं ते खरवडूनच कळतं. कसावा म्हणजे कोण, असं वाटत असेल तर तुमच्या घरी तो आहेच. साबुदाणा कसाव्याचाच. त्याचं मूळ गाव अमेझॉनच्या नैर्ऋत्य भागात. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, बटाटा अँडीजचा, मिरची मेक्सिकोची. आपली उपवासाची खिचडी एका अर्थानं सगळी तिकडचीच.

अजून एक समजूत सोडावी लागते: आधी शेती, मग स्थिर वस्ती, मग मडकी. अमेझॉनकाठच्या सांतारें शहराजवळ तापेरिन्या नावाची जागा आहे, तिथं गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचा मोठा ढीग आहे. चार्ल्स हार्ट यांनी तो १८७० च्या सुमारास खणला होता. ॲना रूझवेल्ट पुन्हा तिथं गेल्या आणि १९९१ मध्ये त्यांनी जाहीर केलं की तिथली खापरी सात ते आठ हजार वर्षं जुनी आहे, अमेरिका खंडातली तोवर माहीत असलेली सर्वांत जुनी. वाळू मिसळलेली साधी भांडी, थोड्यांवर रेघोट्या. ती करणारे लोक मासे-शिंपल्यांवर जगत होते; शेतकरी नव्हते. म्हणजे मडकं आलं ते रश्शाच्या सोयीसाठी आलं असावं, धान्याच्या कोठारासाठी नव्हे. आणि ते सखल, दमट प्रदेशातच आलं, डोंगरातून खाली उतरलं नाही. मेगर्सबाईंच्या मांडणीला हा धक्का मोठा होता.

त्यांना आणखी एका ठिकाणी नक्षीनं चकवलं. १९६५ मध्ये एमिलिओ एस्त्रादा आणि इव्हान्स यांच्याबरोबर त्यांनी मांडलं की इक्वेडोरच्या किनाऱ्यावरची वाल्दिव्हिया खापरी जपानच्या प्राचीन जोमोन खापरीसारखी दिसते, सबब जपानी कोळी वाहत तिकडे पोहोचले असावेत. ओल्या मातीवर नखानं, काडीनं, शिंपल्याच्या कडेनं काय काय उमटवता येईल याला मर्यादा असते. दोन खंडांत तीच रेघ उमटायला ओळख लागत नाही. पुढे वाल्दिव्हियाचे सर्वांत जुने थर नीट पाहिले तेव्हा तिथली खापरी जोमोनशी फारशी जुळत नाही हे दिसलं आणि कल्पना मागे पडली. बाई कष्टाळू होत्या, नोंदी चोख ठेवायच्या. म्हणून तर त्यांच्याच नोंदी वापरून त्यांना खोडता आलं. आमच्या धंद्यात याला मी मोठेपणा मानते.

माराजोबद्दल मात्र नक्षी टाळून बोलताच येत नाही. बेट साधारण ४०,००० चौरस किलोमीटरचं, गोव्याच्या दसपट. पावसाळ्यात निम्म्याहून जास्त पाण्याखाली जाणारं. सुमारे इसवी सन ४०० ते १३०० या काळात तिथं मातीचे उंचवटे रचले गेले, काही दहा मीटरच्या घरात. त्यांत मोठाले अस्थिकलश: पांढऱ्या लेपावर तांबडी-काळी रेषा, घटाच्या पोटावर स्त्रीचा चेहरा, डोळे घुबडासारखे वाटोळे. आपल्याकडे इनामगावला जोर्वे काळात (सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी) लहान मुलांना दोन घट तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखाली पुरत, ते बहुतेकांनी ऐकलेलं असतं. माराजोत रीत वेगळी. मृत्यूनंतर काही काळानं हाडं गोळा करून, नीट मांडून कलशात ठेवलेली दिसतात.

मला जास्त खिळवून ठेवते ती तिथली 'तांगा'. स्त्रियांनी कमरेला बांधायचं मातीचं त्रिकोणी, किंचित वळलेलं आच्छादन. तिन्ही कोपऱ्यांना भोकं. भोकाच्या कडा दोरीनं झिजलेल्या असतात. म्हणजे ती नुसती पुरण्यासाठी केलेली नव्हती, अंगावर वापरलेली होती. काही साध्या तांबड्या लेपाच्या, काही बारीक रेषांनी भरलेल्या, आणि रेषांच्या दोन तांगा तंतोतंत सारख्या सापडत नाहीत. एका कोपऱ्यातल्या दीड मिलिमीटरच्या झिजेवरून एक बाई तुमच्यासमोर उभी राहते. हे सुख मला कुठल्या राजाच्या नाण्यानं दिलेलं नाही.

हा समाज काय खाऊन उभा होता? डेनिझ शान यांनी कामुतिन्स नदीच्या काठी दाखवलं की उंचवट्यांच्या जवळ बांध आणि तळी आहेत. पूर ओसरताना मासे त्यांत अडकवून ठेवायचे. 'शेतीला जमीन निकस, म्हणून समाज लहान' या तर्काला त्यांनी बगलच दिली. जमिनीवर भिस्तच नव्हती.

आता सावधगिरीचा भाग, जो उत्साही मंडळी गाळतात. सारखी भांडी म्हणजे एकच लोक, असं म्हणू नका. रंगीत रेषांची एक भांड्यांची परंपरा अमेझॉनच्या मुखापासून पार अँडीजच्या पायथ्यापर्यंत नदीनदीनं पसरलेली आहे, आणि तिला अमुक भाषाकुळाचं नाव चिकटवायचा मोह जुना आहे. शिंगू नदीच्या वरच्या खोऱ्यात आज काय दिसतं ते पाहा. वाउजा लोक अरावाक कुळातली भाषा बोलतात आणि मोठी भांडी घडवतात. कुइकुरो बोलतात कारिब कुळातली, कामायुरा तुपी कुळातली, पण दोघांच्या घरात भांडी वाउजांची. पाचशे वर्षांनी कुणी ती खणली तर 'एक संस्कृती, एक भाषा' असं छातीठोक लिहील, आणि साफ चुकेल.

त्याच शिंगूत हेकेनबर्गर यांनी कुइकुरोंच्या साथीनं जुन्या गावांचे खंदक आणि १० ते ५० मीटर रुंद सरळ रस्ते नोंदवले. २००३ च्या त्या लेखावर कुइकुरो माणसांची नावं सहलेखक म्हणून आहेत. मोठ्या रांजणात कसावा उकळायची पद्धत जुन्या थरांत आणि आजच्या अंगणात तीच. काळ्या मातीला त्यांच्या भाषेत 'एगेपे' म्हणतात. घरामागच्या कचऱ्यात राख आणि कसाव्याची सालं टाकून ती आजही जाणूनबुजून तयार करतात.

गेल्या काही वर्षांत विमानातून लेसर सोडून जंगलाखालची जमीन मोजता येऊ लागली आणि बातम्यांचा पूर आला. बोलिव्हियात कासाराबे संस्कृतीची कोतोका (१४७ हेक्टर) आणि लांदिव्हार (३१५ हेक्टर) ही स्थळं २०२२ मध्ये, इक्वेडोरच्या उपानो खोऱ्यातले ६,००० हून अधिक मातीचे चौथरे २०२४ मध्ये जाहीर झाले. चित्रं डोळे दिपवणारी आहेत. पण लेसर आकार दाखवतो, वय सांगत नाही. कासाराबेचा इसवी सन ५०० ते १४०० हा काळ ठरला तो खड्ड्यात उतरून, कोळसा आणि खापऱ्यांवरून. म्हणून 'हरवलेलं शहर सापडलं' असा मथळा दिसला की मी आधी शोधते, तिथं कुणी खणलंय का.

आणि तिथं राजा होता का, सरदार होता का, हे खापरीला विचारू नका. १५४२ मध्ये ओरेयाना या स्पॅनिश सरदाराबरोबर अमेझॉन नदी उतरलेला कार्वाहाल पाद्री एका गावातल्या भांड्यांची तोंडभरून स्तुती करतो: पंचवीस आरोबा मावतील असे रांजण, म्हणजे तीनशे लिटर किंवा त्याहून मोठे, आणि स्पेनमधल्या मालागाच्या चकचकीत भांड्यांनाही मागे टाकतील अशी रंगकाम केलेली. चकाकी पाहून तो काचलेप समजला. तो काचलेप नसणार. तिथली भांडी घोटून आणि वर झाडाचा डिंक चोळून चमकवत. पेरूतले शिपीबो कुंभार अजून तसंच करतात. वाटेत पाहणाऱ्याला एवढी चूक माफ. पण 'गावं लागून लागून होती' हे त्याचं म्हणणं थापा म्हणून शतकानुशतकं उडवून लावलं गेलं, त्याला काळ्या मातीनं बराच दुजोरा दिला.

आता भावाचा घट. बेलेमच्या इकोआरासी भागात माराजो आणि सांतारेंच्या नक्षीची भांडी करणारे कुंभार पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि पर्यटक घेतात ती बहुतेक तिथलीच. ब्राझीलमध्ये १९६१ च्या कायद्यानं पुरातन वस्तूंना संरक्षण आहे. परवानगीशिवाय त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. तेव्हा तो जुना निघाला तर आनंद नाही, डोकेदुखी आहे. घरीच तपासा. घटात हात घाला आणि आतल्या भिंतीवर बोटं खालून वर फिरवा. बारीक, सारख्या अंतराच्या गोल रेषा लागल्या तर तो चाकावर चढलेला आहे. मग खुशाल त्यात फुलं ठेवा.